ठाण्याहून भंडारदरा: जलाशयाची फेरी कशी मारावी

आधी महिना ठरवा, हॉटेल नंतर. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या विल्सन धरणात सुमारे ११ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. पावसाळ्यात ते भरतं आणि मग प्रवरेच्या कालव्यांसाठी सोडत सोडत मेपर्यंत पार खाली जातं. भरलेला तलाव आणि मोकळे डोंगर दोन्ही हवे असतील तर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. जुलैत धबधबे मिळतील, पण कळसूबाई आणि रतनगड धुक्यात. काजवे मेअखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत.

ठाण्याहून पहाटे पाचला निघा. भिवंडीजवळच्या आमणेला समृद्धी महामार्ग धरला की कसारा घाट टळतो आणि थेट इगतपुरीला उतरता येतं. दुचाकीला तिथे बंदी आहे, तिने जुन्या नाशिक रस्त्यानेच जावं. घोटीत पेट्रोल भरा, रोख पैसे काढा, नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. पुढे रेंजचा भरवसा नाही. घोटी ते धरणाजवळचं शेंडी गाव साधारण ३५ किलोमीटर.

शेंडीहून दक्षिण काठाने सुरुवात करा: मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर. परत येताना उडदावणे, पांजरे, मुरशेत. उलट फिरलात तर घाटघरचा कोकणकडा सकाळी सावलीत सापडतो. त्याचं तोंड पश्चिमेला, म्हणून तिथे दुपारी चारनंतरच पोहोचावं. खाली आपल्याच शहापूर तालुक्यातलं चोंढ्याचं धरण दिसतं. वरच्या घाटघर धरणातलं पाणी तिथे सोडून वीज करतात आणि मागणी कमी असताना तेच पंपाने पुन्हा वर चढवतात. पातळी एकाच दिवसात वर-खाली होते, त्यामुळे या पाण्यात पाय घालू नका.

रतनवाडीत पोहोचल्याबरोबर जेवणाचं सांगून टाका. भाकऱ्या थापून, चुलीवर भाजून व्हायला तास-दीड तास लागतो. तेवढ्यात अमृतेश्वर मंदिर आणि पुष्करणी निवांत पाहून होते. खांबांवरचं कोरीव काम बघायला टॉर्च हवाच. साम्रदची सांदण दरी या फेरीत कोंबू नका. तिला गावातला वाटाड्या आणि वेगळा दिवस द्या. पावसात तर तिकडे फिरकूच नका.

अंब्रेला धबधबा धरणातून पाणी सोडलं तरच दिसतो, तेव्हा शेंडीत आधी विचारून घ्या.

उन्हाळ्यात उघडा पडलेला तलावाचा काठ फसवा असतो. वरून भेगाळलेली कोरडी पापडी, खाली ओला गाळ. तंबूसाठी गाडी तिथे उतरवली की चाकं रुततात आणि ट्रॅक्टर शोधावा लागतो. गाडी डांबरीवरच ठेवा, तंबू मुरमाड उंचवट्यावर लावा.