वाद्य लावताना या चुका टाळा

पिशवीतून वाद्य काढायचं, ट्यूनर ॲपवर हिरवा दिवा लागेपर्यंत खुंटी पिळायची आणि लगेच वाजवायला बसायचं. ही चूक मी रोज पाहतो. बाहेरची हवा वाद्याच्या अंगात अजून मुरलेली असते. दहा मिनिटांत सूर सरकतो आणि नवशिके तारांना दोष देतात.

मीही यात एकदा पुरता फसलोय. बासरीच्या मैफलीत तंबोऱ्यावर होतो. आतल्या खोलीत एसी जोरात, तिथेच तंबोरा जुळवला. रंगमंचावर दिव्यांची धग. आलाप रंगत गेला तसा तंबोरा उतरू लागला आणि बासरी चढू लागली. बासरीवादक फुंक सांभाळून सूर खाली ओढत होता, मी भर आलापात सूर बारीक जुळवायचे तारेतले मणी सरकवत होतो. पोलादी तार तापली की प्रसरण पावते, ताण घटतो, सूर उतरतो. बासरीत मात्र हवा वाजते. 20 अंश सेल्सियसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो आणि दर अंशामागे तो 0.6 मीटरने वाढतो. बासरीतली हवा 10 अंशांनी तापली, तर सूर अर्धस्वराच्या (हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या) जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतका चढतो! तेव्हापासून मी दिवे लावून घेतो, वाद्य रंगमंचावर अर्धा तास उघडं ठेवतो, मगच खुंटीला हात लावतो. आयोजक घाई करतात, करू देत. बासरीला खुंटी नसते, म्हणून ती आधी पाच मिनिटं वाजवून गरम करून घ्यायची आणि तंबोरा तिला जुळवायचा.

हार्मोनियमचे सूर उष्णतेने किंचितच उतरतात, आणि ते जागेवर लावताही येत नाहीत. ती सोबत असेल तर बाकीच्यांनी तिच्याशी जमवावं.

हेअर ड्रायरने किंवा उन्हात वाद्य तापवू नका. सांध्यातला सरस सुटतो. असले झटपट उपाय सांगणाऱ्यांनी वाद्य दुरुस्त होताना एकदा तरी पाहावं.

तबला दमट हवेत उतरतो, तेव्हा गारठ्याला बोल लावू नका. चामडं ओल धरून सैल पडलेलं असतं.

‘440 म्हणजे 440’ (ॲप प्रमाण धरतं तो 440 हर्ट्झचा सूर) असं म्हणून ॲपवर विसंबणाऱ्यांसाठी: 1859 साली फ्रान्सने 435 हर्ट्झ हा प्रमाण सूर ठरवला, तेव्हा सोबत 15 अंश तापमानही नेमून दिलं होतं.

मध्यंतरानंतर पुन्हा लावा. दर वेळी.