चवळी, सोयाबीन आणि अळी: प्रयोगात या चुका टाळा

झाडं अळीला कशी ओळखतात, या विषयावर प्रकल्प करणारी मुलं दरवर्षी त्याच चुका करतात आणि आठ दिवसांत निष्कर्ष मागतात. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

कात्रीने पान कापणं म्हणजे अळीचा हल्ला नव्हे. जखम दोन्हीकडे होते, पण अळीच्या तोंडातला द्राव कात्रीला नसतो. चवळीचं पान खाताना अळीच्या पोटात हरितलवकातल्या एटीपी सिंथेज या प्रथिनाचे तुकडे होतात. त्यातला ११ अमिनो आम्लांचा इन्सेप्टिन हा तुकडा द्रावासोबत जखमेवर परत येतो आणि तो ओळखून चवळी सावध होते. २००६ साली हे कळलं. तो ओळखणारा रिसेप्टर, म्हणजे झाडाच्या पेशीवरचं खूण पकडणारं प्रथिन, सापडायला २०२० उजाडलं.

आता सगळ्यात मोठी चूक. आमच्याकडच्या एका विद्यार्थ्याने लष्करी अळ्या हरभऱ्याच्या पिठाच्या कृत्रिम खाद्यावर वाढवल्या, द्राव काढला, चवळीच्या ओरखडलेल्या पानांवर लावला. इथिलीन, म्हणजे सावध झालेलं झाड सोडतं तो वायू, वाढेना. त्याने वाण बदलला, कुंड्यांची माती बदलली, गॅस मोजणाऱ्या यंत्रावर संशय घेतला. पूर्ण हंगाम गेला. अळीने काय खाल्लं होतं, हे मात्र तपासलं नव्हतं. पोटात हिरवं पान गेलंच नाही तर इन्सेप्टिन येणार कुठून? द्राव काढण्याआधी अळ्यांना एक-दोन दिवस चवळीच्या पानांवर सोडते, ही माझी सवय. कृत्रिम खाद्य सोयीचं असतं हे मान्य, पण ही सोय इथे प्रयोगच बुडवते.

दुसरी चूक मला जास्त खुपते. ‘चवळी आणि सोयाबीन दोन्ही शेंगावर्गीय, म्हणजे सारखंच वागणार.’ तसं नाही. इन्सेप्टिन ओळखण्याची क्षमता सुमारे २.८ कोटी वर्षांपूर्वी शेंगावर्गातल्या एकाच शाखेत आली. चवळी आणि राजमा त्याला प्रतिसाद देतात, सोयाबीन देत नाही. आणि मग मुलं लिहितात, ‘सोयाबीनला संरक्षण नाही.’ अहो, सोयाबीनच्या पानांवर लव आहे, अळीचं पचन बिघडवणारे ट्रिप्सिन-रोधक आहेत! एक खूण न ओळखणं वेगळं आणि संरक्षण नसणं वेगळं. अळीच्या द्रावात इतर खुणाही असतात. मक्याला सावध करणारं व्होलिसिटिन १९९७ मध्येच सापडलं होतं. त्यामुळे नुसतं इन्सेप्टिन लावून थांबू नका. खरी अळी झाडावर सोडा, तिचं वजन किती वाढतं ते मोजा, मग बोला.

अळीही सगळी एक नसते. शेंगावर्गीय पिकांवरची वेल्व्हेटबीन अळी इन्सेप्टिनचं शेवटचं अमिनो आम्ल, अ‍ॅलॅनिन, कापून टाकते. तसा तुकडा चवळीला सावध करत नाही, उलट इन्सेप्टिनच्या कामात अडथळा आणतो. म्हणून वहीत ‘अळी’ एवढंच लिहिलेलं मी परत पाठवते.

कोवळं पान आणि जून पान यांची तुलना करू नका.

ओरखडा अधिक द्राव आणि हात न लावलेलं झाड या दोन गटांसोबत ओरखडा अधिक पाणी, असा तिसरा गट हवाच. तुलनेला नुसतं हात न लावलेलं झाड पुरत नाही.

अळीने खाल्लेल्या झाडाचा वास शेजारच्या कुंडीपर्यंत जातो आणि तिथलं झाडही सावध होऊ शकतं. कुंड्या लांब ठेवा, जागा नसेल तर झाडं कमी घ्या.

बी दुकानातून आणलं असेल तर पाकिटावर बीजप्रक्रिया आधी वाचा. कीटकनाशक लावलेल्या बियाण्याच्या रोपाला अळी तोंड लावत नसेल, तर ते श्रेय वाणाला देता येत नाही. मी प्रक्रिया न केलेलं, ओळखीच्या शेतकऱ्याकडचं बी वापरते.