सुचत नाही म्हणता? मग या चुका टाळा : गोव्यातल्या चित्रकारांसाठी आणि ड्रॉइंग टीचरसाठी

गोव्यात राहून चित्राला विषय सापडत नाही, अशी तक्रार करणारे बरेच भेटतात. त्यातले निम्मे आमच्यासारखे ड्रॉइंग टीचर असतात. बाहेरच्याला हे ऐकून हसू येईल. समुद्र आहे, देवळं आहेत, चर्चं आहेत, माडबनं, शिगमो, चवथ (गणेशचतुर्थी), चार महिन्यांचा पाऊस. आणखी काय हवं? खरी अडचण तीच आहे. विषय ढीगभर, आणि प्रत्येक विषय अवाढव्य. दिवसभर वर्ग घेऊन घरी आलेल्या माणसाला रोज संध्याकाळी "आज काय काढू?" हे नव्याने ठरवावं लागतं, आणि बहुतेकांची वही मिटते ती याच प्रश्नावर. रंगापर्यंत गाडी जातच नाही. म्हणून खालच्या बहुतेक चुकांवर माझा उपाय घुमूनफिरून एकच आहे: विषय लहान करा, जवळचा घ्या आणि तोच पुन्हा पुन्हा काढा.

पोस्टकार्डातला गोवा काढणं

पणजीच्या चर्चच्या पांढऱ्या पायऱ्या, फोंताइन्यासमधली पिवळी भिंत, सूर्यास्त आणि आडवा झालेला माड, सायकलवरचा पोदेर (पाववाला). विकायला काढत असाल तर जरूर काढा, पैसे कुणाला नको असतात! पण ही दृश्यं आपण इतरांच्या चित्रांत इतक्यांदा पाहिलेली असतात की हात समोरच्या भिंतीऐवजी आठवणीतलं चित्रच गिरवतो. मग कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्यालाच आपण "प्रेरणा आटली" म्हणतो.

यावर उतारा म्हणून चवथीच्या आधीचे दोन-तीन दिवस म्हापशाच्या, फोंड्याच्या किंवा डिचोलीच्या बाजारात जा. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचं, सामान घेऊन गावोगावच्या बायका गोणपाट अंथरून बसलेल्या असतात. कवंडळं, घागऱ्यो, कांगलांचे घोस, माट्टुटी, आंबाडे, सुपारीचे शिपटे, केळीचे घड. अख्खा बाजार काढायला जाल तर फसाल. एक कवंडळ, ते रानवेलीचं लाल फळ, घ्या. लांबून ते नुसतं लाल दिसतं. हातात घेतलं की देठापासून खाली उतरणाऱ्या नारिंगी रेषा दिसायला लागतात, आणि ट्यूबमधला लाल तिथे चालत नाही हे लगेच कळतं. सुपारीच्या एकाच शिपट्यावर हिरव्यापासून केशरीपर्यंत सगळे टप्पे सापडतात. रंगछटांचा धडा शिकवायला याहून सोपं साधन मी पाहिलेलं नाही.

बसण्याआधी काहीतरी विकत घ्या आणि विचारा, "मावशे, हांगा बसून चित्र काढूं?" तिचा वर्षाचा धंदा त्या दोन दिवसांत असतो, वाट अडवून बसलेला चित्रकार तिला नकोच असतो.

घरी माटोळी बांधली की दुसरा धडा मिळतो. लाकडी चौकटीला टांगलेली फळं खालून वर बघत काढायची, तीही फळं न काढता. फळांमधल्या फटी तेवढ्या काढायच्या. फटी नीट जमल्या की फळं आपोआप उमटतात. वर्गात सातवी-आठवीची मुलं हे मोठ्यांपेक्षा चांगलं करतात, कारण त्यांना अजून फळ "येत" नसतं.

पाऊस आला की रंग गुंडाळून ठेवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. जून ते सप्टेंबर म्हणजे वर्षाचा एक तृतीयांश भाग. तेवढा काळ "हवा नाही" म्हणून बसून राहिलं की ऑक्टोबरात हात लाकडासारखा झालेला असतो.

जलरंग पावसात बिघडतात, हे खरं आहे. हवेत इतकं पाणी असतं की पहिला वॉश (पातळ रंगाचा थर) वाळतच नाही. आपण घाई करून अर्धवट ओल्या कागदावर दुसरा हात देतो, आणि पाणी आतला रंग ढकलत जाऊन फुलकोबीसारख्या कडा उमटतात. एकतर कागद चमकत असतानाच दुसरा रंग सोडा, नाहीतर पूर्ण वाळू द्या. मधली अवस्था धोक्याची. बोटाची पाठ कागदाला लावा. गार लागला तर अजून ओल आहे. हेअर ड्रायर वापरायला लाजू नका, पण लांबून फिरवा.

वॉश कागदावर ठिपक्याठिपक्यांनी शोषला जातोय, टीपकागदावर पडल्यासारखा? रंगाला दोष देऊ नका. कागदाला ओल लागून त्याची खळ (रंग लगेच शोषू न देणारा लेप) गेलेली असते, आणि कागदाच्या त्या भागावर पुन्हा वॉश बसत नाही. असे कागद कोळशाच्या किंवा पेन्सिलच्या कामाला ठेवा. नवे कागद मे महिन्यातच घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत. लोखंडी कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नये. इतकं करूनही जमत नसेल तर पावसाळ्यापुरते पोस्टर कलर घ्या, त्यांना पाणी कमी लागतं.

आणि पावसाळ्यातला हिरवा! ट्यूबमधला सॅप ग्रीन सरळ कागदावर लावला की शेत, माड, शेवाळ सगळं एकाच कापडातून बेतल्यासारखं दिसतं. भाताच्या रोपांसाठी लेमन यलोत प्रशियन ब्लूचा अगदी थेंब. माडाच्या झावळ्यांसाठी यलो ऑकर, प्रशियन आणि चिमूटभर बर्न्ट सिएना. आभाळाचा करडा काळ्या रंगातून काढू नका, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र करा. तो करडा कधी निळ्याकडे झुकतो, कधी तपकिरीकडे, आणि आपलं आभाळही तसंच करत असतं.

दर रविवारी नवा विषय शोधणं

लक्ष्मण पै मडगावचे. १९७७ ते १९८७ या काळात ते गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते, म्हणजे शिकवणं आणि कारभार दोन्ही अंगावर असलेला चित्रकार. त्यांनी मालिका रंगवल्या: रागांवर, ऋतूंवर. मालिकेचा फायदा शिक्षकाला सगळ्यात जास्त होतो. विषय एकदा ठरला की पुढचे कित्येक महिने ठरवायचं काही उरत नाही, नुसतं बसायचं असतं. तुकड्यातुकड्यांत मिळणाऱ्या वेळात हे फार मोठं आहे.

मालिकेसाठी राग किंवा ऋतू घ्यायलाच हवा असं नाही. घरासमोरचा चिऱ्यांचा गडगा, म्हणजे जांभ्या दगडाची कुंपणभिंत, घ्या. मे महिन्यात तो गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचा असतो, चिऱ्याची भोकं काळी, कोरडी. पहिल्या पावसात तो गडद होतो, मग भोकांतून शेवाळ बाहेर येतं, श्रावणाच्या आसपास त्याच्यावर तेरडा फुलतो, आणि दिवाळीपर्यंत सगळं पिवळं पडून पुन्हा दगड दिसायला लागतो. एकाच जागेवरून, बलकांवातल्या (घरापुढच्या पडवीतल्या) त्याच सोप्यावर (बाकावर) बसून, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर हे काढत गेलात तर वर्षअखेर एक प्रदर्शन तयार असतं. प्रदर्शन नाही भरवलंत तरी चिऱ्याचा रंग तुम्हाला कळलेला असतो, आणि तो गोव्यातल्या निम्म्या चित्रांत लागतो.

कागद लहानच घ्या. महागाची जाड वही हा छुपा शत्रू आहे. तिच्या पहिल्या पानाला लोक वर्षानुवर्षं हात लावत नाहीत.

आधी फोटो, मग चित्र

फोनचा फोटो वाईट नाही, क्रम चुकीचा असतो. आधी पाच मिनिटं पेन्सिलने काढा, मग फोटो घ्या. उलट केलं की फोटोत "सगळं आलं" अशी समजूत होते आणि बघणं तिथेच थांबतं.

सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ इथे जांभ्या दगडाच्या सड्यावर कोरलेली प्राचीन चित्रं आहेत: बैल, हरणं, आणि तो प्रसिद्ध गोल चक्रव्यूह. १९९३ मध्ये ती अभ्यासकांसमोर आली. भर दुपारी गेलात तर रेषा जवळजवळ पुसल्यासारख्या वाटतात आणि फोटो सपाट येतो. सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात, तिरपी सावली पडली की तोच बैल दगडातून उठून येतो. मुलांना सहलीला नेत असाल तर बसच्या सोयीची वेळ धरू नका, उन्हाची धरा. मुख्याध्यापक कुरकुरतील. आणि रेषा उठाव्यात म्हणून त्यांच्यावर खडू फिरवू देऊ नका.

फळ्यावर नमुना काढून देणं

आता वर्गाकडे येऊ. टीचरने फळ्यावर दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, एक नदी आणि झोपडी काढली की वर्गात तितकीच दोन-दोन डोंगरांची चित्रं जमा होतात. ज्या मुलाच्या घराला कौलं आहेत आणि अंगणात तुळशी वृंदावन आहे, तोही गवताची झोपडी काढतो. संध्याकाळी ते चित्रांचे गठ्ठे तपासून टीचरचं स्वतःचं डोकं बधिर होतं, आणि मग आपल्याला सुचत नाही यात नवल काय? मुलांच्या एकसारख्या चित्रांमुळे शिक्षक कोरडा पडतो, ही गोष्ट आपण फारशी बोलत नाही.

फळा कोरा ठेवा आणि टेबलावर एक वस्तू ठेवा. घरची आदोळी (खवणी असलेली विळी) न्या. तिचं पातं वळतं, वरचा खवणीचा भाग दातेरी असतो, बसायचा पाट झिजून एका बाजूला चकचकीत झालेला असतो. (पात्याला गोणपाट गुंडाळून न्या आणि मुलांना लांब बसवा.) किंवा सांगा, "घरच्या वृंदावनाला किती कोनाडे आहेत ते बघून या." मुलं वाद घालतील, दुसऱ्या दिवशी मोजून येतील, आणि एकाही मुलाचं वृंदावन दुसऱ्यासारखं निघणार नाही. त्यांतल्या एखाद्या चित्रातली खरी, वाकडी रेषा पाहून तुमचाच हात शिवशिवायला लागतो. वर्गातून चित्रकाराला परत काही मिळतं ते या वाटेने.

"टीचर, यूट्यूबवर बघून काढू?" याला सरसकट नाही म्हणण्यात अर्थ नाही. आधी वस्तू बघून काढा, मग यूट्यूब बघा, असं सांगा. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या वर्गात सराव लागतोच, तो वेगळा तास समजा.

आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवरची कावी चित्रं शिकवताना हमखास होणारी चूक म्हणजे इंटरनेटवरून प्रिंट काढून ती रंगवायला देणं. कावीत रंगवणं दुय्यम असतं, खरवडणं मुख्य: पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा थर, आणि तो ओलसर असताना खरवडून आतला पांढरा बाहेर काढायचा. मुलांना हे हाताने कळलं पाहिजे. जाड कागदावर पांढऱ्या ऑइल पेस्टलचा भरपूर थर द्या, त्यावर लालसर तपकिरी पोस्टर कलर, आणि रिकाम्या रिफिलने खरवडा. रंग मेणावरून घसरून थेंब थेंब होत असेल तर त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका. खरवडताना पापुद्रे सुटत असतील तर रंग फार जाड झालाय किंवा कडकडीत वाळलाय. कागदच फाटत असेल तर पांढरा थर कमी पडला.

शाळेच्या कामांवर राग काढणं

फलकलेखन, सुविचार, स्नेहसंमेलनाचा पडदा, पाहुण्यांसाठी रांगोळी, सर्टिफिकेटवर नावं. चित्रकला शिक्षक म्हणजे शाळेचा फुकटचा पेंटर, ही समजूत जायची नाही, आणि तुमचा राग रास्तच आहे. पण दीनानाथ दलालांसारखा गोव्याचा माणूस मुखपृष्ठं आणि मासिकांची चित्रं तारखेच्या धाकात काढत आला. १९४५ पासून त्यांचं स्वतःचं ‘दीपावली’ हे नियतकालिक निघत होतं. तारखेच्या कामातही रेषा टवटवीत ठेवता येते. निदान पडद्यावर तरी तेच दोन डोंगर काढू नका. चवथीला पाहिलेलं कवंडळ काढा. उलट बाजूला अमूर्त चित्रकार व्ही. एस. गायतोंडे, मूळचे गोव्याच्याच घराण्यातले, वर्षभरात मोजकेच कॅनव्हास करत. तुमची चाल कुठली ते ओळखा. दुसऱ्याची चाल धरून स्वतःला आळशी ठरवू नका.

डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो, २०१६ पासून. तिथे एका दिवसात सगळी दालनं पालथी घालणं ही आणखी एक चूक. डोकं गच्च भरतं आणि आपलं काम क्षुल्लक वाटायला लागतं. एक दालन निवडा, एकाच कामासमोर थांबा, त्यातली एखादी गोष्ट वहीत उतरवा आणि घरी या.

तरीही अडलंच तर

रंग बघूनच गोंधळ उडत असेल तर आठवडाभर एकच रंग वापरा. पणजीत आझाद मैदानाजवळच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो यांच्या अझुलेजो (पोर्तुगीज पद्धतीच्या रंगवलेल्या) टाइल्स आहेत, १९३५ च्या. नुसत्या निळ्यात उजेड, अंतर, माणसांची गर्दी सगळं कसं बसवलंय ते पाहून या, आणि मग त्याच निळ्यात स्वतःचं स्वयंपाकघर काढा.

चित्र अर्ध्यावर येऊन दर वेळी मरत असेल तर बहुधा ते फार मोठं आहे. कागद अर्धा करा.

काहीच नको वाटत असेल आणि डोळे मिटत असतील, तर तो थकवा आहे. चादर घ्या आणि झोपा. गडगा उद्याही तिथेच असेल. फक्त कागद पिशवीत बंद केलाय ना, ते एकदा बघून घ्या.