‘गेट’ हे क्रियापद कसे ओळखावे आणि कसे वापरावे

इंग्रजी शिकणारा मराठी माणूस ‘गेट’ या क्रियापदापाशी अडखळतो तो त्याच्या अर्थांच्या गर्दीमुळे. शब्दकोश उघडला की मिळणे, आणणे, पोहोचणे, होणे, समजणे, करवून घेणे असे अर्थ एकामागून एक येतात, आणि ते सगळे पाठ केले तरी लोकलच्या डब्यात शेजारी चाललेले इंग्रजी बोलणे कानावर पडले की त्यांतला नेमका कोणता घ्यायचा हे उमगत नाही. हे पाठांतर सोडून द्यावे असे मला अगदी मनापासून वाटते. ‘गेट’चा अर्थ त्याच्या पुढे येणारा शब्द ठरवतो. पुढे नाम आहे, विशेषण आहे, ठिकाण आहे की दुसऱ्या क्रियापदाचे तिसरे रूप आहे, एवढे पाहायची सवय लागली की बहुतेक वाक्यांचा उलगडा होतो.

त्याआधी उच्चार. देवनागरीत हे क्रियापद आणि ‘चर्चगेट’मधले फाटकाच्या अर्थाचे ‘गेट’ सारखेच लिहिले जातात, पण इंग्रजीत ते दोन वेगळे शब्द आहेत. क्रियापदातला ‘ए’ आखूड असतो आणि चटकन संपतो; फाटकातला लांबवला जातो. मराठीत ‘ए’चे असे दोन प्रकार आपण मानत नाही, त्यामुळे हा फरक कानाला मुद्दाम शिकवावा लागतो. क्रियापदाचे भूतकाळी रूप ‘गॉट’, आणि तिसरे रूपही ब्रिटिश इंग्रजीत ‘गॉट’च; अमेरिकेत मात्र मिळणे किंवा होणे या अर्थी ‘हॅव’नंतर ‘गॉटन’ असे रूप चालते. मुंबईतल्या शाळांत शिकवले जाणारे इंग्रजी बव्हंशी ब्रिटिश वळणाचे आहे, म्हणून लिहिताना ‘गॉट’ धरून चालावे, आणि अमेरिकी सहकाऱ्याच्या मेलमध्ये ‘गॉटन’ दिसले तर ती चूक समजू नये.

पुढे नाम आले तर

नाम आले की अर्थ साधारणपणे ‘मिळणे’ किंवा ‘आणणे’. ‘आय गॉट अ विंडो सीट’ म्हणजे मला खिडकीची जागा मिळाली. इथे मराठी आणि इंग्रजी वाक्यांची बांधणी वेगळी आहे हे नीट पाहावे. मराठीत जागा हा कर्ता आहे आणि आपण ‘मला’ होऊन बाजूला उभे असतो. इंग्रजीत ‘आय’ हाच कर्ता होतो. मला पत्र आले, मला ताप आला, मला कळले, मला संधी मिळाली अशी ‘मला’ने सुरू होणारी मराठी वाक्ये आठवून पाहिली, तर त्यांतली बरीचशी इंग्रजीत ‘आय गॉट’ने सुरू करता येतात. माणसाच्या जागी ठिकाणही चालते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, हे सांगताना ‘सांताक्रूझ गॉट 944 मिलिमीटर्स ऑफ रेन’ असे म्हणता येते. ‘कुड यू गेट मी सम टी?’ यात दोन कर्मे आहेत, तेव्हा अर्थ ‘मला चहा आणून द्याल का?’ असा होतो.

या प्रकारात एक चूक फार वेळा आढळते. ‘तो डॉक्टर झाला’ याचे ‘ही गॉट अ डॉक्टर’ असे भाषांतर केले, तर ऐकणाऱ्याला त्याने कुणा डॉक्टरला गाठले किंवा बोलावून आणले असे वाटेल, कारण नामाआधीचे ‘गेट’ ‘होणे’ हा अर्थ देत नाही. व्यवसाय, पद किंवा नाते सांगताना ‘बिकम’च वापरावे: ‘ही बिकेम अ डॉक्टर’.

पुढे विशेषण आले तर

इथे ‘गेट’ म्हणजे एका स्थितीतून दुसरीत जाणे. ‘आय वॉज हंग्री’ म्हणजे भूक होती, ‘आय गॉट हंग्री’ म्हणजे भूक लागली. मराठीत ‘असणे’ आणि ‘लागणे’, ‘असणे’ आणि ‘होणे’ यांत जो भेद आपण सहज पाळतो, तोच इथे ‘बी’ आणि ‘गेट’मध्ये पाळायचा आहे. ‘इट्स गेटिंग डार्क’ म्हणजे अंधार पडू लागला आहे. ‘डोन्ट गेट अँग्री’ म्हणजे रागावू नका. विशेषणाआधीचे ‘गेट’ सगळीकडे चालते असे मात्र नाही. दूध नासले तर ‘द मिल्क वेन्ट बॅड’, डोके फिरले तर ‘ही वेन्ट मॅड’. बिघाडाच्या अशा काही ठरलेल्या शब्दांना ‘गो’ लागते.

मुंबईच्या कार्यालयांत रोज ऐकू येणारे ‘आय ॲम गेटिंग लेट’ हे वाक्य आपल्या देशात सर्वांना कळते, पण लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या माणसाला ते खटकते. उशीर होत चालला आहे, बरीच वेळ झाली आहे, हे सांगताना तो ‘इट्स गेटिंग लेट’ म्हणतो, म्हणजे ‘लेट’ होते ती वेळ. स्वतःला पोहोचायला उशीर होणार असेल तर ‘आय ॲम रनिंग लेट’ किंवा ‘आय ॲम गोइंग टु बी लेट’ असे तो म्हणतो. मुलाखतीला जाताना रेल्वेरुळांवर पाणी साचले आणि समोरच्याला फोन करायची वेळ आली, तर यांपैकी एक वाक्य तोंडात तयार असावे.

पुढे ठिकाण आले तर

अर्थ ‘पोहोचणे’, आणि ठिकाणाआधी ‘टु’ हवा: ‘व्हेन डिड यू गेट टु ठाणे?’ परंतु ‘होम’, ‘हिअर’ आणि ‘देअर’ यांच्याआधी ‘टु’ येत नाही. ‘आय गॉट होम ॲट टेन’ हे बरोबर. ‘गॉट टु होम’ हे चूक.

चढण्या-उतरण्यासाठी दोन जोड्या आहेत, आणि त्या वाहनावर अवलंबून आहेत. ज्या वाहनात उभे राहता येते, चालता येते, म्हणजे लोकल, बेस्टची बस किंवा विमान, तिथे ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. ज्यात अंग आकसून बसावे लागते त्या टॅक्सीत किंवा मोटारीत ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. रिक्षाही याच दुसऱ्या गटात मोडते. म्हणून दादरला उतरणारा प्रवासी ‘आय गेट ऑफ ॲट दादर’ म्हणेल, आणि तिथून टॅक्सीने सिद्धिविनायकाला गेला तर देवळापाशी ‘आय गॉट आउट ऑफ द टॅक्सी’ म्हणेल. आपल्याकडे मात्र दोन्ही ठिकाणी ‘गेट डाउन’ म्हणायची पद्धत आहे. आपसांत त्याने काही बिघडत नाही, पण परदेशी पाहुण्याला ‘गेट डाउन!’ असे ओरडून सांगितले तर तो उतरण्याऐवजी खाली वाकेल, कारण त्याच्या भाषेत धोका दिसला की असे ओरडतात.

पुढे तिसरे रूप आले तर

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि माझ्या मते शिकवण्यांतून याला पुरेसा वेळ दिला जात नाही.

पहिला प्रकार सोपा आहे. ‘गेट’च्या लगेच पुढे तिसरे रूप आले तर काहीतरी आपल्या बाबतीत घडले: ‘माय वॉलेट गॉट स्टोलन’ म्हणजे माझे पाकीट चोरीला गेले, ‘वी गॉट स्टक ॲट हिंदमाता’ म्हणजे आम्ही हिंदमाताला अडकलो. ‘वॉज स्टोलन’ असेही चालते, पण बोलताना ‘गॉट’ जास्त येते, आणि त्यात अचानकपणाची किंवा नको ते घडल्याची छटा असते. ‘गॉट मॅरिड’ आणि ‘गॉट प्रमोटेड’ ही आनंदाची उदाहरणेही आहेत. मराठीत लग्न कुणा‘शी’ होते म्हणून ‘मॅरिड विथ’ लिहिण्याचा मोह होतो, पण तिथे ‘टु’च येतो.

दुसऱ्या प्रकारात ‘गेट’ आणि तिसरे रूप यांच्यामध्ये कर्म बसते, आणि अर्थ बदलून ‘करवून घेणे’ असा होतो. मराठीत आपण ‘मी केस कापले’ असे खुशाल म्हणतो, प्रत्यक्षात कात्री सलूनमधल्या कारागिराच्या हातात असली तरी. ‘मी फोन दुरुस्त केला’, ‘आम्ही घराला रंग दिला’ हेही तसेच. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटले तर स्वतः आरशासमोर उभे राहून कापले असाच अर्थ घेतला जाईल. म्हणून ‘आय गॉट माय हेअर कट’, ‘आय गॉट माय फोन रिपेअर्ड’, ‘वी गॉट द हाउस पेंटेड’. शब्दांचा क्रम इथे अगदी काटेकोर आहे: आधी ‘गॉट’, मग वस्तू, मग तिसरे रूप. ‘आय गॉट रिपेअर्ड माय फोन’ हा क्रम चालत नाही. सरावासाठी आपण दुसऱ्याकडून करवून घेतो ती रोजची कामे घ्यावीत, म्हणजे कपड्यांची इस्त्री, कागदपत्रांच्या झेरॉक्स, चप्पल शिवून घेणे, आणि प्रत्येकाचे वाक्य याच क्रमाने मोठ्याने म्हणावे. कर्म मधे ठेवायची जिभेला सवय झाली की पुढे ते जड जात नाही.

काम कोणाकडून करवून घेतले तेही सांगायचे असेल, तर माणसानंतर ‘टु’ आणि मूळ क्रियापद येते: ‘आय गॉट माय ब्रदर टु फिल इन द फॉर्म’ म्हणजे मी भावाकडून अर्ज भरून घेतला. यात थोडी समजूत घालण्याचा, पटवण्याचा भाव आहे. ‘आय मेड हिम फिल इन द फॉर्म’ यात भाग पाडण्याचा सूर आहे, आणि तिथे ‘टु’ नाही. या दोन वाक्यांतला ‘टु’ परीक्षेत हमखास विचारला जातो.

पुढे ‘टु’ आणि क्रियापद आले तर

मधे माणूस नसताना ‘गेट टु’ म्हणजे संधी मिळणे, करायला मिळणे: ‘ऑन संडेज आय गेट टु स्लीप लेट’ म्हणजे रविवारी उशिरापर्यंत झोपायला मिळते. यातच ‘गेट टु नो’ येते, आणि मुंबईत त्याचा वापर बराच सैल झाला आहे. ‘आय गॉट टु नो दॅट द ट्रेन इज कॅन्सल्ड’ असे आपण म्हणतो, पण ‘गेट टु नो’ म्हणजे एखाद्याची हळूहळू ओळख होणे. बातमी कळली असेल तर ‘आय हर्ड’ किंवा ‘आय फाउंड आउट’ म्हणावे. नव्या शेजाऱ्यांशी ओळख वाढत असेल तर ‘वी आर गेटिंग टु नो देम’ हे अगदी योग्य आहे.

‘समजणे’ या अर्थी ‘आय गेट इट’, ‘आय डोन्ट गेट इट’ असे साधे रूप वापरावे. ‘आय ॲम नॉट गेटिंग’ हे मराठीतल्या ‘मला समजत नाहीये’ची थेट छाया आहे. ‘हॅव गॉट’ म्हणजे जवळ असणे, ‘हॅव गॉट टु’ म्हणजे करणे भाग असणे, आणि दोन्ही मुख्यतः वर्तमानकाळात येतात. भूतकाळात नुसते ‘हॅड’ आणि ‘हॅड टु’ पुरते.

उरलेल्या जोडशब्दांपैकी रोज लागणारे तेवढे सांगतो. ‘गेट अप’ म्हणजे अंथरुणातून उठणे. जाग येणे म्हणजे ‘वेक अप’. फोन लागत नसेल तर ‘आय कान्ट गेट थ्रू’. नंतर कळवतो म्हणायचे असेल तर ‘आय विल गेट बॅक टु यू’. एखाद्याशी जमते तर ‘वी गेट अलाँग’. आजारातून किंवा दुःखातून सावरणे म्हणजे ‘गेट ओव्हर’, आणि चूक करूनही सुटणे म्हणजे ‘गेट अवे विथ’.

लिहिताना या क्रियापदाला आवर घालावा. ‘गेट’ हा बोलण्यातला शब्द आहे, आणि बँकेला, महापालिकेला किंवा विद्यापीठाला लिहिलेल्या पत्रात तो वारंवार आला की पत्र ढिले वाटते. मिळण्यासाठी ‘रिसीव्ह’ किंवा ‘ऑब्टेन’, होण्यासाठी ‘बिकम’, पोहोचण्यासाठी ‘अराइव्ह’ किंवा ‘रीच’ आणि समजण्यासाठी ‘अंडरस्टँड’ योजावे. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला ‘आय गॉट युवर लेटर’ म्हणावे. वॉर्ड ऑफिसला पाठवायच्या उत्तरात मात्र ‘आय हॅव रिसीव्ह्ड युवर लेटर’ असेच लिहावे.