मातीवर पळवायच्या स्विफ्टला सस्पेन्शन कसलं घालावं

आधी एक विनंती: ऑटोक्रॉसला, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर घड्याळ लावून पळवायची गाडी खाली बसवू नका. मी बसवली होती. २००९ ची पेट्रोल स्विफ्ट, एका दुकानातून आणलेला तयार कॉइलओव्हर संच (शॉकअपभोवतीच स्प्रिंग बसवलेली, उंची कमी-जास्त करता येणारी), गाडी दोन बोटं खाली आणि स्प्रिंग दगडासारखी कडक. कोल्हापुरात उद्यमनगरातून राजारामपुरीपर्यंत डांबरावर झकास चालली. मग ऊस तुटून गेलेल्या एका ओळखीच्यांच्या रानात नेली. सरी आडवी ओलांडताना आतलं पुढचं चाक दर वळणावर हवेत जायचं, इंजिन रिकामंच ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. तिसऱ्या फेरीला डाव्या शॉकअपचा दांडा वाकला.

गाडी उतरवून मी ज्यांच्याकडे लेथची कामं करतो त्या मिस्त्रींना दाखवली. मिस्त्री तरुणपणी तालमीतले. त्यांनी बोनेटवर दोन्ही हात टेकून जोर दिला, गाडी हलली नाही. म्हणाले, "आरं, पैलवान गुडघा ताठ धरून कधी हुबा ऱ्हातोय का? चाकाला खाली उतरू दे की."

माझं सगळं गणित त्यानंतर "खाली उतरू दे" यावरच आलं. चाक वर किती दबतं हे सगळे बघतात, खड्ड्यात किती खाली जातं हे कुणी मोजत नाही. स्विफ्टच्या पुढच्या एका चाकावर, चाक-ब्रेकचं वजन सोडून, साधारण २८० किलो येतात धरा. स्प्रिंग मिलिमीटरला २ किलोची, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला २ किलो लागणारी, असेल तर गाडी उभी असताना ती १४० मिलिमीटर दबलेली असते. ५ किलोची घातली तर फक्त ५६. म्हणजे चाक ५६ मिलिमीटर खाली गेलं की स्प्रिंगची ताकद संपली, पुढं चाक नुसतं लोंबकळतं. शॉकअपचा दांडा त्याआधीच संपत असेल तर मर्यादा तिथं. सरीत उतरलेल्या चाकाला जमीन सापडली नाही, तर ब्रेक, स्टिअरिंग आणि ओढ तिन्ही गेले.

माझ्या गाडीला आता पुढं २.८ किलोची स्प्रिंग आहे, म्हणजे बरोबर १०० मिलिमीटर दबलेली. सपाट, रोलर फिरवलेल्या मातीला ३ पर्यंत जाता येईल. खडबडीत माळाला मी २.८ च्या वर जाणार नाही.

परदेशातल्या रॅलीक्रॉस गाड्यांचे आकडे वाचून भुलू नका. तो खेळ १९६७ साली इंग्लंडमधल्या लिडन हिलला टीव्हीसाठी सुरू झाला, आणि त्याच्या ट्रॅकवर डांबर आणि माती दोन्ही असतात. त्यांची स्प्रिंग डांबरालाही सांभाळून घेते. आपल्या ऑटोक्रॉसला बहुतेक सगळी मातीच.

स्प्रिंग करून घेताना तारेच्या जाडीबाबत फार जपा. बाकी सगळं तेच ठेवून १२ मिलिमीटरची तार १३ केली तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते, कारण जाडीचा चौथा घात लागतो. कागदावरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता प्रेसखाली धरा: २० मिलिमीटर दाबून काटा वाचा, मग ७० दाबून वाचा. मधला फरक ५० ने भागा. माझ्या दोन स्प्रिंगांत पहिल्यांदा २.८ आणि ३.१ असा फरक निघाला. गाडी ब्रेकला एका बाजूला का ओढते याचा शोध मी त्याआधी आठवडाभर अलाइनमेंटमध्ये घेत होतो.

स्प्रिंगचा वेढा कापून घेणं मला अजिबात मान्य नाही. सहा कामाच्या वेढ्यांतला एक गेला की स्प्रिंग २० टक्के कडक होते, वर आखूडही होते. वेढ्यांत रबरी बफर घालून गाडी उचलली तरी तो वेढा बाद होतो, म्हणजे पुन्हा कडकपणाच. आणि स्प्रिंगच्या खाली चकती घालून गाडी उचलली तर दांडा आधीच बाहेर ताणलेला राहतो, चाकाला खाली जायला जागा उरत नाही. उंची हवीच असेल तर लांब दांड्याचा शॉकअप घ्या आणि चाक पूर्ण लोंबकळवून ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा) कोन बघा. त्याच्या जॉइंटवरचा रबरी बूट ताणलेला दिसला तर तो फाटणार, लाल माती आत जाणार आणि जॉइंट वाजायला लागणार.

पैसे मात्र शॉकअपवर घाला. साध्या दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये सतत आपटून तेल आणि हवा मिसळते, फेस होतो आणि चौथ्या-पाचव्या मिनिटाला गाडी होडीसारखी डुलायला लागते. एका नळीच्या शॉकअपमध्ये गॅस वेगळा कोंडलेला असतो आणि उष्णता थेट बाहेर जाते. पण त्याच्या नळीला दगडाचा पोचा बसला की आतला पिस्टन अडकतो. म्हणून मागच्या दोघांना पत्र्याची ढाल करा. पुढच्या स्ट्रटला, म्हणजे चाकालाही धरून ठेवणाऱ्या शॉकअपला, आडवा मारही सोसावा लागतो, म्हणून जमलं तर उलटा बसणारा जाड दांड्याचा घ्या.

शॉकअपचा एकच स्क्रू फिरवता येत असेल तर तो परतीच्या चालीचा, म्हणजे दबलेला दांडा किती वेगानं बाहेर येतो याचा, असावा. नवीन माणूस तो घट्ट करत जातो, कारण गाडी हातात आल्यासारखी वाटते. पण एकामागून एक सरी आल्या की दबलेलं चाक परत बाहेर यायच्या आत पुढची सरी येते, आणि तीन सरींत गाडी पोटावर बसते. पूर्ण सैल करून सुरू करा, डुलणं थांबेपर्यंत एकेक क्लिक वाढवा, तिथंच थांबा.

पुढचा अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं रोखणारा दांडा) बारीक केला किंवा त्याची लिंक सोडली तर पुढची चाकं मोकळी होतात आणि गाडी वळते. पण मारुती ८०० सारख्या जुन्या गाडीत तोच बार खालच्या आर्मला पुढं-मागं धरून ठेवतो. तिथं हात लावू नका.

यातलं काहीही विकत घेण्याआधी लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि वरचं माउंटिंग नवीन करा, आणि तुमच्या गटाच्या नियमांत काय बदलायला परवानगी आहे ते वाचा. बरेचदा मूळ गाडीच्या गटात स्प्रिंगही बदलता येत नाही.

शेवटचं काम फुकटाचं आहे. शॉकअपच्या दांड्यावर प्लास्टिकचा टाय नळीला टेकवून घट्ट बसवा आणि एक फेरी मारा. नळी त्याला वर ढकलत नेते. फेरीनंतर टाय बंप स्टॉपपासून (दांड्याच्या वरच्या टोकाला, शेवटचा धक्का झेलणाऱ्या मऊ तुकड्यापासून) १५-२० मिलिमीटर अलीकडे थांबला असेल तर स्प्रिंग बरोबर. बंप स्टॉपमध्ये रुतला असेल तर आधी लांब, फोमचा स्टॉप घालून बघा. तरीही रुतला तरच स्प्रिंग वाढवा, एका वेळी पाव किलो.