‘गॅसेस असतील’ म्हणण्याआधी: छातीत दुखताना या चुका टाळा

छातीत कळ आली की आपल्याकडे पहिला इलाज ठरलेला: सोडा, ओवा, नाहीतर अ‍ॅसिडिटीची गोळी. त्यानं कधीकधी बरं वाटतंही, आणि घोटाळा तिथेच होतो. हृदयाची कळ मुळात कमी-जास्त होत असते, त्यामुळे ढेकर येऊन मोकळं वाटलेल्या माणसालाही हार्ट अटॅक असू शकतो. उलट बाजूही तशीच. सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी हृदयाची गोळी, जिभेखाली ठेवल्यावर दुखणं थांबलं, म्हणजे ते हृदयाचंच होतं असं नाही. अन्ननलिकेत आलेला पेटकाही त्या गोळीनं सुटतो. औषधाचा गुण आला यावरून निदान करू नका.

‘दुखत नाही हो, नुसतं जड वाटतंय,’ असं सांगणारे रुग्ण पुष्कळ. छाती आवळल्यासारखी होणं, दडपण, जबड्यात, खांद्यात किंवा हातात उतरणारी कळ, दरदरून घाम, चालताना धाप, हे सगळं डॉक्टर छातीदुखीतच धरतात. मधुमेही, वयस्कर आणि स्त्रियांमध्ये धाप, मळमळ किंवा गळून जाणं हीच लक्षणं पुढे येऊ शकतात. पूर्वी अशा दुखण्यावर ‘अटिपिकल’ (नेहमीसारखं नसलेलं) असा शिक्का बसे, आणि ऐकणारा त्याचा अर्थ ‘किरकोळ’ असा घेई. म्हणून 2021च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी तो शब्दच टाळायला सांगून तीन गट केले: हृदयाचं, कदाचित हृदयाचं असू शकेल असं, आणि हृदयाचं नसलेलं. माझ्या मते ही वाटणी फार शहाणपणाची आहे.

बोटानं दाखवता येणारी, श्वासागणिक टोचणारी कळ हृदयाची असण्याची शक्यता कमी. कमी, शून्य नव्हे.

सर्वांत महागात पडते ती ‘ईसीजी नॉर्मल आला’ म्हणून घरी परतण्याची घाई. दवाखान्यात पोचल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी निघायला हवा हे खरं, पण ती पट्टी त्या क्षणापुरतीच बोलते. दुखणं चालू असेल तर ती पुन्हा काढावी लागते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं ट्रोपोनिन हे प्रथिनही लगेच वाढत नाही. म्हणून नव्या, जास्त संवेदनशील चाचणीत 1 ते 3 तासांनी आणि जुन्या चाचणीत 3 ते 6 तासांनी ते पुन्हा तपासतात. कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये रक्त देऊन रिपोर्टची वाट बघत घरी बसणं तर नकोच.

स्वतःच्या मनानं गोळ्या देण्यातही धोका आहे. सॉर्बिट्रेटनं रक्तदाब एकदम उतरतो. उभ्यानं घेतली तर माणूस कोसळू शकतो, आणि सिल्डेनाफिलसारखी (लैंगिक ताठरतेसाठीची) गोळी घेतलेल्याला ती देऊच नये. अ‍ॅस्पिरिन हार्ट अटॅकमध्ये उपयोगी, पण पाठीत फाटल्यासारखी अचानक कळ आली तर महाधमनी चिरली असण्याची शक्यता असते, आणि तिथे तीच गोळी रक्तस्राव वाढवते. 108ला फोन लावा आणि तिकडून सांगतील तसं करा. जोरजोरात खोकून अटॅक थांबवण्याचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा उपाय विसरा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

निघताना चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुना ईसीजी असेल तर तो बरोबर घ्या. नवी पट्टी त्याच्याशेजारी ठेवली की बदल चटकन दिसतो. दुखणं नेमकं किती वाजता सुरू झालं तेही लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं की नाही, हे त्या वेळेवरही ठरतं.