पालकांची सही झाली. आता मुलाला विचारा

मुलांशी बोलून संशोधन करताना पालकांनी सही केली की परवानगीचं काम संपलं, असं समजून प्रश्नावली काढली जाते आणि घोटाळा तिथेच होतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १२ वं कलम मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडायचा हक्क देतं. म्हणून पालकांची लेखी संमती वेगळी आणि मुलाचा होकार वेगळा. पालक हो म्हणाले, पण मूल नाही म्हणालं, तर ते सहभागी नाही. मुख्याध्यापकांच्या पत्रानं फक्त शाळेचं फाटक उघडतं.

क्रम असा: एथिक्स कमिटीची (संशोधन नैतिक आहे ना, हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी, मग शाळेसारखी संस्था, मग पालक, शेवटी मूल. सरावाच्या मुलाखतीही मंजुरीनंतरच.

मुलासाठीचं माहितीपत्रक एका पानाचं, मोठ्या अक्षरांत, छोट्या वाक्यांत लिहा. ते वाचून दाखवल्यावर 'समजलं का?' असं विचारू नका. मुलं मान डोलावतातच. 'आता आपण काय करणार आहोत, तूच सांग बरं,' असं म्हणा. शिक्षकांना फॉर्म वाटायला लावू नका, मुलांना ती परीक्षाच वाटते.

मोठ्या माणसाला तोंडावर नकार देणं मुलाला जड जातं. त्यामुळे लाल कार्ड द्या, ते दाखवलं की थांबायचं, आणि सुरुवातीलाच एकदा खोटं खोटं थांबून दाखवा. कार्ड उचललं नाही तरी एका शब्दाची उत्तरं, दाराकडे वळणारी नजर, सारखं 'माहीत नाही' हाही नकारच समजा. मध्येच उठलेल्या मुलालाही ठरलेली भेटवस्तू द्या, नाहीतर ती लाच ठरते.

बोलायची जागा इतरांना दिसेल अशी, पण ऐकू जाणार नाही अशी निवडा. 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन कधीही देऊ नका. कुणी त्रास देत असल्याचं मुलानं सांगितलं, तर काही देशांत ते कळवणं कायद्यानं बंधनकारक असतं. तेव्हा आधीच सांगा: 'तुला किंवा दुसऱ्या कुणाला धोका आहे असं वाटलं, तर मदत करणाऱ्या माणसाला मला सांगावं लागेल, पण आधी तुझ्याशी बोलेन.' तो मदत करणारा माणूस कोण, त्याचा फोन नंबर काय, हे पहिल्या मुलाखतीआधी कागदावर हवं.

नावं आणि उत्तरं वेगवेगळ्या फायलींत, सांकेतिक क्रमांकानं जोडलेली ठेवा. लहान गावात नाव बदलूनही भागत नाही: 'सातवीतली, तीन बहिणींतली धाकटी' एवढ्यावरून शेजारी ओळखतात. असे तपशील अहवालातून काढा किंवा ढोबळ करा.